आसरांच्या घळीतले रोडगे

११ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ताप, भूक, झोप रोज लिहून ठेवा. घरात कोरी वही सापडली नाही, ही डायरी सापडली. बियाण्याच्या कंपनीतून गोदाम सांभाळून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या नारळाबरोबर दिली होती. जुनी असल्यामुळे वार जुळत नाहीत. छापलेले वार खोडून मी माझे घालतो आहे.

ताप: नाही. भूक: अर्धी भाकरी, तीही माझं तोंड बंद करायला. झोप: तिची माहीत नाही, माझी नाही.

माझ्या बायकोच्या, दैवशालाच्या छातीतली गाठ दोन वर्षांपूर्वी काढली. मग किमो झाली, केस गेले, केस आले, आणि आपण सुटलो असं मी सगळ्या मस्तगडाला, म्हणजे जालन्यातल्या आमच्या वस्तीला, सांगून बसलो. काल तपासणीत काखेत परत काहीतरी निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर सापडलंय, औषधं सुरू केली तर चांगला उपयोग होईल, पण डिसेंबरचा पहिला आठवडा फार ओलांडू नका. आमचा मुलगा अंगद संभाजीनगरलाच असतो. त्याने तिथल्या तिथे नऊ डिसेंबर ठरवून टाकली. दैवशाला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा पेपरवेट बघत बसली होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मी न्हाई घेणार आता सुई. एकदा घेतली, बास झालं."

मी म्हटलं, बघू. अंगद म्हणाला, "बघू काय बाबा, बघू काय?" त्यानंतर जालना येईपर्यंत तो हॉर्न वाजवत राहिला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ताप नाही. भूक तशीच.

आज सकाळी उठून बघतो तर ही खलबत्ता घासत बसलेली. तो शेजारच्या सगुणाबाईंचा. इतकी वर्षं आमच्याकडे आहे की तो आमचा नाही हे मी विसरून गेलो होतो. चिंच लावून लखलखीत केला आणि नेऊन दिला. सगुणाबाई म्हणाल्या, "अगं, आत्ता कुठं मला कुटायचं हाय?" हिचं म्हणणं, ज्याचं त्याच्याकडं असावं. आजारी माणसाने हे उद्योग कशाला करावेत ते मला कळत नाही, आणि विचारलं की म्हणते, बसून कंटाळा येतो.

कंटाळा येतो म्हणून दुपारी मला वरण करायला शिकवलं. तेल तापेपर्यंत थांबा, मोहरी तडतडू द्या, मग जिरं, मग हिंग. माझ्या हातून मोहरी जळाली. दुसऱ्यांदाही जळाली. मी म्हटलं, तू आहेस ना करायला, माझ्या मागे का लागलीस. म्हणाली, "माझा हात दुखून राह्यला. उद्या परत करा."

सहासष्ट वर्षांच्या माणसाला फोडणी शिकायला लावणं म्हणजे छळ आहे. दमलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज अंगदचा फोन आला तेव्हा तिने तो माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, माझा नवस राह्यलाय, तो आधी फेडायचा, बाकीचं मंग बघू.

नवस असा. पहिल्या ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवर पडल्या पडल्या हिने आसरांना बोलून ठेवलं होतं की यातून उठले तर घळीत येऊन रोडगे घालीन. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे जाड गोळे. मला तेव्हा सांगितलं नाही. हिचं माहेर टेंभुर्णीचं. तिथून थोडं पुढे नदीला एक घळ आहे, खोल, काळ्या दगडाची. खाली डोहाकाठी सात शेंदरी दगड म्हणजे सातीआसरा, पाण्याच्या बाया. टेंभुर्णीला मी जन्मभर जावयाचा मान घ्यायला गेलो, पण घळ काही बघितली नाही. आता मात्र तिला चांगले दिवस आलेत. मोबाइलवर तिचे व्हिडिओ फिरतात, जालन्याची, संभाजीनगरची पोरं रविवारी गाड्या घेऊन जातात.

अंगद चिडला. धूळ, गर्दी, उतार, हिला काही झालं तर कोण बघणार. ती शांतपणे ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आसरांचा नवस राह्यला तर माणसाचा जीव बी सुटत न्हाई, अंगद. माझी आई म्हणायची. बाई अडकून पडती."

असल्या बोलण्याचा मला राग येतो. पण मी विचार केला, काही झालं तरी ती "मंग बघू" म्हणाली आहे. नवस फेडला की मन हलकं होईल आणि नऊ तारखेला मुकाट्याने गाडीत बसेल. अंगदला मी बाहेर अंगणात जाऊन परत फोन लावला आणि पटवलं. महिनाअखेरचा रविवार ठरला. बायकांशी वाद घालून काही मिळत नाही, त्यांच्या कलाने घ्यावं लागतं, हे अंगदला अजून कळायचं आहे.

ताप: थोडा, संध्याकाळी.

२३ नोव्हेंबर, रविवार

मेहुणा आला होता, धर्मराज. टेंभुर्णीला शेती करतो, हिच्यापेक्षा धाकटा, आणि बोलायला लागला की गाडी चुकवतो. रोडग्यांचं सगळं त्याच्याकडे. जाडसर गव्हाचं पीठ, गोवऱ्या, वांगी, तूप, सगळं तो घेऊन पुढे जाणार, आम्ही नुसतं पोचायचं.

जेवताना (वरण माझं, त्याने नावाजून खाल्लं, खरं बोलला का ते माहीत नाही) मला नियम समजावून सांगत होता. "दाजी, एक ध्यानात ठिवा. आसरांचा रोडगा तिथंच संपवायचा. घळीच्या वर एक ओढा हाय, तो ओलांडून तुकडा बी आणायचा न्हाई. आणला की नवस मोडला. पुढल्या साली सगळं पहिल्यापासून."

मी म्हटलं, उरला तर? "उरू द्यायचा न्हाई. वाटंवरच्या माणसाला खाऊ घालायचा, न्हाईतर मासोळीला."

मग त्याने आणि हिने मिळून चांगुणाबाईची गोष्ट सांगितली. ही त्यांची मावशी. तिने नवस फेडला, घरी आली, आणि धुवायला टाकलेल्या लेकाच्या सदऱ्याच्या खिशात अर्धा रोडगा निघाला. पुढल्या वर्षी पुन्हा सगळं गणगोत घेऊन घळीत. दैवशाला हसत होती. म्हणाली, मावशी त्या वर्षी लई आजारी होती, पर नवस राह्यला म्हणून उठून बसली. तिला असं हसताना खूप दिवसांनी बघितलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

धर्मराज निघताना हिने त्याला आईच्या पाटल्या दिल्या. तुझ्या लेकीच्या लग्नात घाल म्हणाली. लग्नाचा अजून पत्ता नाही. तो घेईना. मग घेतल्या आणि चपला घालताना बराच वेळ वाकून राहिला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दूध उतू गेलं. चष्मा सापडत नव्हता, तो फ्रिजमध्ये दह्याशेजारी सापडला. तिथे कोणी ठेवला? मीच, दुसरं कोण. माझ्या डोक्यात काही राहत नाही हल्ली. बसल्या जागी डोळा लागतो आणि अंथरुणावर पडलं की टक्क जागा.

साड्यांचे ढीग लावणं चालू आहे. हा सूनबाईला, ज्योत्स्नाला, हा सगुणाबाईंना, हा कामवालीला. मी म्हटलं, दवाखान्यातून आल्यावर काय नेसणार? म्हणाली, मला लागतात किती.

वरण जमलं. फोडणी अजून नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

जाऊन आलो. हातपाय मोडल्यासारखे झालेत. उद्या लिहीन.

१ डिसेंबर, सोमवार

ताप: नाही. भूक: हे लिहायलाच हवं, काल तिने दीड रोडगा खाल्ला. झोप: मी मेल्यासारखा झोपलो, दिवसाढवळ्या, दगडावर. क्रमाने लिहितो.

काल सकाळी अंगदच्या गाडीतून निघालो. मी, दैवशाला आणि सगुणाबाई. सगुणाबाईंना हिने आग्रहाने घेतलं होतं. हिच्या मांडीवर स्टीलचा डबा, आसरांच्या दहीभाताचा, हिरव्या खणात बांधलेला. थंडी होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बायका ओट्या बांधून वेचणीला उतरलेल्या. ही काच खाली करून बघत होती. अंगद म्हणे, आई धूळ. ती म्हणे, असू दे रे, माझ्याच गावाची हाय.

टेंभुर्णी सोडल्यावर रस्ता असा की माझे सगळे सांधे मला वेगवेगळे ओळखू आले. मग ओढा लागला, गुडघ्याच्याही खाली पाणी. तो ओलांडला की घळीचं रान. एका वावरात गाड्या लावलेल्या, चहाची टपरी, कुणीतरी पाटी लावलेली, "सेल्फी पॉइंट". मला वाटलं, यासाठी आलो? तुरीचं शेत, सपाट जमीन. चार पावलं पुढे गेलो आणि जमीन संपली.

मला वर्णन करता येत नाही, गोदामात त्याची सवय लागत नाही. खाली नुसता काळा दगड, दोन्हीकडे उभ्या भिंती, आणि तळाशी नदी एका कुंडातून दुसऱ्यात उतरत चाललेली. पाण्याने दगडाला रांजणासारखे गोल खड्डे पाडलेत, काही माणूस उभा मावेल एवढे. वर ऊन आणि खाली गार सावली. भिंतींच्या कपारीतून पारवे उडायचे आणि त्यांच्या पंखांचा आवाज घळभर व्हायचा. चाळीस वर्षं सासुरवाडीला येऊन मी हे बघितलं नव्हतं याची मला लाज वाटली. आणि रागही आला की हिने कधी धरून आणलं का नाही. तसं तिला विचारलं. म्हणाली, "तुमाला जल्दी असायची परत जायची."

उतरायला दगडांची कशीबशी वाट आहे. धर्मराजने खुर्ची आणि दोन माणसं तयार ठेवली होती. ही खुर्चीवर बसेना. सगुणाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून, टेकत, थांबत उतरली. मी मागे. खरं सांगायचं तर खुर्चीत मला बसवलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.

पोरं-पोरी ठिकठिकाणी नाचत होती, मोबाइल दगडाला टेकवून. एका मुलीने हिला म्हटलं, "आजी, थोडं साइडला होता का, फ्रेममध्ये येताय." अंगद तिच्या अंगावर जाणार होता. ही म्हणाली, "येऊ दे की गं फ्रेममधी, मी बी कधीतरी दिसंन." मुलगी ओशाळली.

डोहाकाठी करंजाखाली ते सात दगड. हिने शेंदूर लावला, हिरव्या बांगड्या ठेवल्या, दहीभात वाढला. मग पाण्यात पाय सोडून बसली आणि हात जोडून बोलली. मी जवळच होतो, ऐकू आलं. "बायांनो, माझ्याकडचं फिटलं. आता माझा अडकाव कशात न्हाई." मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक काम झालं.

धर्मराजचे रोडगे तोवर विस्तवात भाजून निघाले होते. राखेतून काढायचे, फडक्यात घोळून झटकायचे, फोडून तुपात बुडवायचे, वरून वरण आणि वांग्याची भाजी. मी तीन खाल्ले. ते संपवायचे म्हणून धर्मराजने सगळ्या नाचणाऱ्या पोरांना हाका मारून पंगतीला बसवलं. ती मघाची मुलगी भाजी वाढत फिरत होती. मी म्हटलं, एखादा ठेवू का, सकाळी चहात बुडवून फार छान लागतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दैवशाला म्हणाली, "चांगुणामावशीचं ऐकलं न्हाई का तुमी?" मी पुढे केलेला हात मागे घेतला.

जेवण झाल्यावर उन्हाच्या एका तुकड्यात दगडावर टेकलो आणि झोप लागली. इतकी गाढ की त्या तपासणीपासून तशी लागलीच नव्हती. जाग आली तेव्हा ऊन सरकलं होतं. माझ्या तोंडावर मात्र सावली होती, कारण दैवशाला शेजारी बसून पदर दोन्ही हातांनी ताणून धरून बसली होती. ज्या बाजूची काख दुखते तो हातसुद्धा वर. किती वेळ बसली होती कोण जाणे. तिचे डोळे लाल होते. मी विचारलं, तर म्हणाली, धूर लागला. विस्तव तर केव्हाच विझला होता.

"झोपेत काय बडबडता हो?" म्हणाली.

काय बडबडलो? तिने सांगितलं नाही. माझ्याकडे असं बघत होती, जसं मघाशी मी वरून पहिल्यांदा घळीकडे बघितलं होतं. मला अवघडल्यासारखं झालं. मी चपला शोधायला लागलो. एक सापडेना. तीही तिनेच शोधून दिली.

मग ती धर्मराजला विचारते, "रोडगा हाय का रे एखादा?" त्याच्या टोपल्यात शेवटचे दोन-तीन होते, मासोळीला टाकायचे म्हणून ठेवलेले. तिने एक घेऊन त्यातला अर्धा खाल्ला, वांग्याच्या भाजीशी. आधीच एक खाल्लेला. अंगद आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. खाता खाता विचारत होती, हे पाणी कधीपर्यंत राहतं. धर्मराज म्हणाला, "संक्रांतीपर्यंत, आक्का. मंग पुढल्या पावसात." "पुढल्या वर्षी बी इतकंच असंल?" तो म्हणाला, असतंच. उरलेले मी मासोळीला टाकते म्हणून टोपलं घेऊन ती एकटीच डोहाकडे गेली आणि बराच वेळ पाठमोरी बसून राहिली. येताना तिथेच डबा धुऊन खणात बांधून आणला.

ओढ्यापाशी गाड्या थांबवून तिने सगळ्यांची झडती घेतली. अंगदचे खिसे उलटे करायला लावले, सगुणाबाईंची पिशवी झटकली, माझे तर स्वतः हात घालून बघितले. "यांचा भरवसा न्हाई." धर्मराज म्हणाला, आक्का, तुझा डबा? ती म्हणाली, "आत्ताच धुतला की रे." आणि घर येईपर्यंत तो मांडीवर धरून बसली. मी म्हटलं, मागे ठेव, आखडशील. दिला नाही. घराशी उतरताना मात्र सगळ्या पिशव्या आणि तो डबासुद्धा माझ्याच हातात. हमाल आहे मी.

रात्री तिला विचारलं, काय, झालं ना मनासारखं? नऊ तारखेला जायचं ना? म्हणाली, "आज नका विचारू. दमले."

३ डिसेंबर, बुधवार

आज माझ्या हातून जे उघडकीला आलं त्याने मला काही सुचेनासं झालं आहे.

सकाळी पीठ काढायला गेलो (आता भाकरीही शिकतो आहे), तर पिठाच्या डब्यामागे तो खणाचा डबा, बांधलेलाच. म्हटलं, धुऊन ठेवलेला दिसतो, जागेवर ठेवू. उचलला तर जड. गाठ सुटेना. हिची गाठ मला कधीच सुटत नाही, लग्नातलं उपरणं सोडायलासुद्धा तिलाच बोलवावं लागलं होतं. शेवटी कात्रीने खण कापला. आत रोडगा. अख्खा. राख लागलेला, दगडासारखा वाळलेला.

ही दारात उभी. "हे काय?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"तुमाला न्हाई माहीत तर कोणाला? चहात बुडवून खायचा होता तुमाला."

मी म्हटलं, अगं, माझे खिसे तूच तपासलेस. म्हणाली, खिसे तपासले, डबा कोणी तपासला? गाडीतून घरात डबा कोणी आणला? मीच आणला होता, ते खरं. पिठाच्या डब्याला हल्ली हात कोण लावतं? तेही मीच. आवाज ऐकून सगुणाबाई आल्या. त्यांनी रोडगा बघितला, हिच्याकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "भाऊजी, काय केलंत हे?"

आता मी शांतपणे आठवून बघतो. मला ठेवल्याचं आठवत नाही. पण चष्मा फ्रिजमध्ये ठेवल्याचंही आठवत नव्हतं. झोपेतून उठल्यावर मी अर्धवट होतो. खायची वासना होती, ती मी सगळ्यांदेखत बोलून दाखवली. चार माणसं एकच सांगतात तेव्हा माणसाने आपलंच खरं करू नये. माझ्याच हातून झालं असणार.

मला फार वाईट वाटलं. इतक्या दुखण्यात ती ती घळ उतरली, हात जोडून म्हणाली फिटलं, आणि मी एका रोडग्यासाठी ते सगळं पाण्यात घालवलं. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि म्हटलं, चुकलो. रडूही आलं, ते लपवत नाही.

ती रागावेल असं वाटलं होतं. ती रोडगा हातात घेऊन बघत होती, त्यावरची राख बोटाने पुसत होती. मग म्हणाली, "नवस मोडला. आता पुढल्या वर्षी सगळं परत घालावं लागंल."

मी म्हटलं, घालू.

"तुमी घालू म्हणता. नवस माझा हाय. मलाच जावं लागंल." आणि थोड्या वेळाने, "तंवर राहावं लागंल की मला. तुमच्यापायी."

धर्मराजला फोन करून सांगितलं. तो आधी खूप हसला. "दाजी, तुमी बी कमाल करता." मग म्हणाला, हिरव्या खणात बांधला होता का? मी म्हटलं हो.  तर म्हणाला, पाटल्या परत घेऊन येतो मी. मी म्हटलं, त्या कशाला? फोन कट झाला होता. त्यांच्याकडे रेंजचा त्रासच आहे.

६ डिसेंबर, शनिवार

ताप: नाही. भूक: बरी.

अंगद आला, तोंड पाडून. रस्ताभर काय बोलायचं ते ठरवून आला असणार. त्याने बूट काढायच्या आतच ही म्हणाली, "नऊ तारखेला किती वाजता निघावं लागंल?"

त्याने माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "बाबा, काय केलंत तुम्ही?" मी म्हटलं, काही चांगलं केलं नाही, एक रोडगा घरी आणला. त्याला समजावून सांगितलं. त्याला वाटतं मी मुद्दाम केलं. मला एवढी अक्कल असती तर काय हवं होतं. मी भाबडेपणाने चूक केली आणि ती कामी आली, इतकंच. पण तो माझ्या गळ्यात पडला, आणि मी उभ्या उभ्या इतका थकलो होतो की त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून दिलं.

साड्यांचा एक ढीग परत कपाटात गेला आहे. विचारलं, तर म्हणाली, दवाखान्यात नेसायला लागतील की.

हिने खलबत्ताही परत मागितला आहे, तो अजून आला नाही. सगुणाबाई म्हणतात, पाठवते.

९ डिसेंबर, मंगळवार

संभाजीनगर, दवाखाना. हे खुर्चीत बसून लिहितो आहे.

सकाळी अंधारातच निघालो. मी डब्यात वरणभात आणला आहे. फोडणी आज पहिल्यांदा बरोबर बसली. तिने चाखून सांगितलं, मोहरी तडतडली, पर जिरं कच्चं राह्यलं. अजून शिकवावं लागंल म्हणाली.

सुई लावताना तिने माझा हात धरला. शीर सापडत नव्हती, दोनदा टोचावं लागलं. मला बघवेना. सिस्टर बोलण्यात गुंतवायला म्हणून विचारत होत्या, आजी, मुलगा सांगत होता, तुम्ही नको म्हणत होतात, आता कशा तयार झालात?

ती म्हणाली, "यांच्यामुळं आले. यांनी माझा नवस मोडला." आणि खोलीत होत्या तेवढ्या सगळ्यांना ऐकवली ती गोष्ट, घळ, पारवे, नाचणारी पोरं, रोडगा. शेजारच्या पलंगावरच्या बाई हसत होत्या. मी मान खाली घालून बसलो. चूक माझी, ऐकून घ्यावं लागतं.

सिस्टर गेल्यावर मी म्हटलं, एवढं सगळं सांगितलंस, मी झोपेत काय बडबडलो ते सांग आता.

ती डोळे मिटून पडली होती. बाटलीतलं औषध थेंब थेंब उतरत होतं. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "‘थांब’ म्हणत होतात. ‘थांब, मला अजून फोडणी येत न्हाई.’ सारखं तेच. लहान लेकरावानी."

 तिचे पाय गार लागत होते, चादर नीट केली.

"आता पुढल्या वर्षी ध्यान ठिवा," ती डोळे न उघडता म्हणाली. "तुमचे खिसे टाके घालून शिवूनच नेते मी घळीत."